पहिला मासा दर्याचा

माझ्या स्वयंपाकघरातल्या चमच्यांच्या खणात एक बिनदांड्याचा चमचा आहे. नुसती वाटी, दोन्ही टोकांना बारीक भोक, आणि एका भोकात अडकवलेली कडी. जुमेरा लेक टॉवर्समधल्या या फ्लॅटमध्ये बाकी सगळं कसं सेटमधलं, एकमेकांना शोभणारं आहे. त्यात हा एक आगंतुक. भांडी आवरताना तो हाताला लागला की मी उगाच नाकाशी नेते. स्टीलला कसला वास येणार! पण मला येतो. पेट्रोलचा, खाऱ्या ओल्या दोराचा, आणि पहाटे कुणीतरी पेटवलेल्या कोळशांचा.

गेल्या हिवाळ्यात आई-बाबा महिनाभर आमच्याकडे राहायला आले, तेव्हा तो चमचा माझ्या लेकीच्या, इराच्या हाती पडला.

“आई, धिस इज ब्रोकन. फेकून देऊ?”

बाबा सोफ्यावर पेपर वाचत होते. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ते ताडकन असे कधी उठत नाहीत, पण त्या दिवशी उठले. “अगं बाय, फेकतेस काय! त्या चमच्याने सुरमई पकडलीय मी. ही एवढी!”

आतून कणीक मळता मळता आई म्हणाली, “म्हणे.”

एवढा एकच शब्द. आमच्या घरात त्याला मोठा इतिहास आहे.

आम्ही तेव्हा शारजात राहायचो. बाबा हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीचं स्टोअर सांभाळायचे. मूळचे ते रेवदंड्याजवळचे. भरतीला समुद्र ज्यांच्या परसदारी येऊन जातो, त्यातले. आई साताऱ्याकडची. लग्न होईपर्यंत तिने समुद्र पाहिलाही नव्हता, आणि पाहिल्यावर तो तिला आवडला असंही नाही. “आमच्याकडे पाणी विहिरीत असतं आणि तिथेच राहतं,” असं ती म्हणायची. मासे तळायला मात्र ती सासूकडून अशी शिकली, की पुढे सासूच तिला विचारून मसाला करायला लागली.

इथला हिवाळा कॅलेंडर बघून येत नाही. ऑक्टोबर सरता सरता एखाद्या सकाळी आई एसी बंद करायची आणि घरात एकदम शांतता पसरायची. महिनोन्महिने तो घरघराट ऐकून आमचे कान इतके सरावलेले असत, की ती शांतताच मोठ्याने ऐकू यायची. मग खिडकी उघडायची. खालच्या कॅफेटेरियातल्या चहाचा वेलदोडा, मशिदीतली अजान, कुणाच्या तरी गॅलरीतला धुण्याचा साबण, सगळं उन्हाळाभर बाहेर ताटकळलेलं आत यायचं. दादा आणि मी एकमेकांकडे बघायचो. आता कॅम्पिंग!

गुरुवारी संध्याकाळी आई-बाबा मासळी बाजारात जायचे. आई सुरमईचे कल्ले उचलून बघायची, विक्रेत्याशी तिच्या हिंदीत भांडायची, आणि निवडलेल्या माशाच्या तुकड्या करून घ्यायची. रात्री त्यांना कोकमाचं आगळ, आलं-लसूण, सासूकडचा लाल मसाला लावून डबा बर्फाच्या पेटीत तळाशी जायचा. बाबांच्या मनाला हे दरवर्षी लागायचं.

“अगं, मासे पकडायला चाललोय आपण. विकतचा मासा कशाला?”

“पकडलात की सांगा. हा परत घरी आणीन. बाजारात तुरी असताना मी चूल कशी पेटवू?”

बाबांनी आणखी एक गोष्ट मनावर घेतली होती. आईच्या तव्यात एकदा तरी आपण स्वतः पकडलेली सुरमई पडावी. बस, एवढंच. घर, बढती, पगार यांबद्दल ते इतक्या आवेशाने बोलल्याचं मला आठवत नाही.

त्या हट्टापायी चमचे जायचे. सुरमईसाठी होडीमागे ओढायला चकाकणारं काहीतरी लागतं, आणि बाजारातल्या तयार आमिषांवर बाबांचा विश्वास नव्हता. मग आईच्या लग्नात आलेल्या संचातला एक चमचा गुपचूप वर्कशॉपला जायचा, दांडा कापून, भोकं पाडून, गळ लटकवून परत यायचा. आईला पत्ता लागायचा तो पाहुणे आल्यावर, खिरीच्या वाट्या भरताना. “तुमच्या त्या सुरमईने माझा संसार चाटूनपुसून खाल्ला,” ती म्हणायची. सुरमई मात्र मिळत नव्हतीच.

शुक्रवारी अंधार असतानाच निघायचो. धैद मागे पडलं की वाळवंट संपून डोंगर सुरू व्हायचे. उघडे, तपकिरी, कुठे गवताची काडी नाही. मसाफीच्या बाजारात बाबा गाडी थांबवायचे. गालिचे, मातीची मडकी, भाजलेली कणसं. तंदूरमधून निघालेली भली मोठी खबूस रोटी आई साडीच्या पदरात धरायची, आणि आम्ही तिचे तुकडे तोडत, तोंड भाजून घेत, डोंगरातल्या बकऱ्या शोधायचो. मग एका वळणावर अचानक समुद्र दिसायचा. ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचं. बाबा नेहमी हरायचे. आता मी स्वतः त्या रस्त्याने गाडी चालवते आणि मला कळतं, की ज्याच्या हातात स्टिअरिंग असतं त्याला तो कितीतरी आधी दिसतो.

दिब्बाच्या किनाऱ्यावर डोंगराच्या कुशीत आमची जागा ठरलेली होती. तंबू बाबा ठोकायचे, वाऱ्याशी भांडत. आई चटई अंथरून तिच्या चार कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवायची आणि तिथेच तिचं राज्य सुरू व्हायचं. स्टोव्ह, मसाल्याचा डबा, विणकाम. तिथून ती रविवारच्या रेडिओसारखी दिवसभर सूचना द्यायची आणि पाण्याच्या जवळपास फिरकायची नाही.

होडी अबू खलीफांची. वय झालेले, पांढरी दाढी, डोक्याला रुमाल. त्यांची हिंदी आईच्या हिंदीइतकीच स्वतंत्र होती, त्यामुळे दोघांचं छान जमायचं. सुरमईला ते कनद म्हणायचे. बाबांना लांबून बघूनच हात हलवायचे: “आज कनद माफी! अगला हफ्ता, इन्शाल्ला!” आज कनद नाही. तरी बाबा होडीत चढायचेच.

होडी सुटण्याआधी नारळ. आमच्या गावी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात, पण इथे श्रावणात समुद्राला चटका बसावा असं ऊन. म्हणून बाबांनी नारळी पौर्णिमा परस्पर नोव्हेंबरात आणली होती. हायपरमार्केटमधला नारळ, गुळगुळीत तासलेला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, वर बारकोड. बाबा तो कागद नखाने खरवडून काढायचे, कुंकू लावायचे, डोळे मिटायचे. एका वर्षी तो नारळ दुसऱ्या दिवशी सकाळी लाटांनी आमच्या तंबूपाशीच आणून टाकला. आम्ही घाबरलो. आईने उचलला, धुतला, फोडला आणि कालवणात घातला. “दर्याने परत दिलंय. नाही म्हणू नये.”

दुसरा नियमही बाबांचाच, किंवा त्यांच्या वडिलांचा. पहिला मासा दर्याचा. दिवसाचा पहिला मासा लहान असो की मोठा, गळातून सोडवायचा, पाण्यात सोडायचा, मग पुढचे आपले. या नियमाने आमचं कधी काही बिघडलं नव्हतं. पहिला मासा असायचा एखादा करंगळीएवढा टोळ नाहीतर हाडकुळा बांगडा. तो सोडताना बाबा मोठ्या दिलदारपणे म्हणायचे, “जा, मोठा हो.”

होडी अगदी हळू चालवायची. इंजिन जेमतेम धापा टाकत राहील इतकीच. मागे लांब दोर सोडलेला, त्याच्या टोकाला आईचा चमचा पाण्याखाली डुलत, लुकलुकत येणार. दोर बाबांच्या तर्जनीवरून जायचा. ते बोलायचे नाहीत. फक्त बोट बोलायचं, असं ते म्हणायचे. दादा आणि मी फळीवर पोटावर पडून मागे फुटणारी पाण्याची रेघ बघत राहायचो. पेट्रोलचा वास, ओठांवर मीठ, पाठीवर कोवळं ऊन. किनाऱ्यावर आईची नारिंगी साडी ठिपक्याएवढी. सुरमई लागली काय, न लागली काय, मला त्या फळीवरून कधी उठावंसं वाटलं नाही. इतकी सुखी मी नंतर कुठे झाले असेन तर मला आठवत नाही.

आणि मग तो हिवाळा आला, जो शेवटचा होता. बाबा निवृत्त होणार होते, व्हिसा संपणार होता, घरात पुठ्ठ्याची खोकी उभी होती. दादा कॅनडाला निघाला होता. आणि आईने त्या खेपेला संचातला शेवटचा चमचा स्वतःहून टेबलावर विसरून ठेवला होता.

त्या दिवशी तासन् तास काहीच लागलं नाही. अबू खलीफा “खलास!” म्हणत होडी वळवणार, तोच बाबांच्या बोटावर दोर असा ताणला गेला की चामडं सोललं. दादाने धावून दोर धरला. ओढ, सैल, ओढ, सैल. पाणी फुटलं आणि ती दिसली. सुरमई! हातभर लांब म्हणू नका, चांगली दीड हात. “कनद! कनद! माशाल्ला!” अबू खलीफा उभे राहून नाचायला लागले. बाबांनी तिला होडीच्या काठाशी आणलं आणि थांबले.

दिवसाचा पहिला मासा होता.

आम्ही तिघंही बाबांच्या तोंडाकडे बघत होतो. दादा म्हणाला, “बाबा, प्लीज. आजच्या दिवस.” बाबांनी पक्कडीने गळ सोडवला, तिला दोन्ही हातांनी पाण्यात आडवी धरली आणि हात उघडले. नंतर खाली बसून बोटावरचं रक्त धूत राहिले, बराच वेळ.

किनाऱ्यावर पोचेपर्यंत सगळ्यांच्या अंगात वारं भरलं होतं. आईला सांगताना आम्ही तिघं एकदमच बोलत होतो. दीड हात, चकचकीत, दोर तुटता तुटता वाचला, आणि बाबांनी सोडून दिली! आईने तव्यावर विकतची तुकडी उलटली. रिकाम्या हातांनी आलेल्या आम्हा तिघांकडे एकदा नीट पाहून घेतलं.

“म्हणे,” ती म्हणाली.

चेष्टाच होती. पण चेष्टा चिकटली. लग्नाकार्यात, गणपतीत, चार माणसं जमली की आई विचारायची, “ह्यांची सुरमई ऐकलीत का?” सुटलेला मासा नेहमी मोठाच असतो, यावर सगळे पोट धरून हसायचे. बाबाही हसायचे. पण आमचे बाबा म्हणजे स्टोअरमधला एक नट कमी भरला तर जेवण न जाणारा माणूस. आपल्या बायकोला आपण जे सांगितलं ते तिला खरं वाटलं नाही, हे त्यांना आत कुठेतरी लागलेलं होतं. एकदा रेवदंड्याला, ओटीवर बसल्या बसल्या, ते मला म्हणाले, “बाय, तू होतीस ना तिथे? होती ना तेवढी?” मी म्हटलं, होती बाबा. ते म्हणाले, “हां. तू साक्षीदार.”

दादा आता कॅनडात उन्हाळ्यात बायकामुलांना घेऊन तळ्याकाठी तंबू ठोकतो आणि होडीमागे दोर सोडून सामन मासे पकडतो. त्याने पाठवलेल्या एका व्हिडिओत त्याची मुलं पहिला सामन सोडताना ओरडतात, “फर्स्ट वन्स फॉर द लेक!” तो व्हिडिओ बाबांनी गावात सगळ्यांना दाखवला. आईनेही पाहिला. म्हणाली, “हा तरी दिसतोय.”

तर चमचा इराच्या हाती लागला, आजोबांनी तिला सगळी गोष्ट साग्रसंगीत सांगितली, आणि ती म्हणाली, “आजोबा, कॅन वी गो? धिस वीकेंड?” मी बाबांच्या गुडघ्यांकडे बघितलं. बाबांनी आईकडे बघितलं. आईने हातांना चिकटलेली कणीक झटकली.

“जाऊ या. पण या वेळी मी होडीत येणार. आणि मासळी बाजारात जाणार नाही. पेटीत नुसता बर्फ. बघूच एकदाचं.”

बाबा तोंड उघडं ठेवून बसले. चाळीस वर्षांत त्यांनी तिला होडीत बसवण्यासाठी काय काय केलं होतं! आणि आता ती बसणार होती, ती त्यांना खोटं पाडायला. दोन दिवस ते दोर तपासत होते, गळ घासत होते, आणि परीक्षेला बसणाऱ्या मुलासारखे अर्धवट जेवत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. मासा लागला नाही तर? या वयात पुन्हा कधी होडीत चढणार ते?

आमची जागा तिथेच होती. डोंगरही तोच. अबू खलीफा आता नाहीत. त्यांचा मुलगा खलीफा होडी चालवतो, दोन इंजिनांची, पडद्यावर मासे दाखवणाऱ्या यंत्रासकट. बाबांनी त्या पडद्यावर आपली टोपी ठेवली. खलीफा हसला. “मम्मी, डरने का नहीं, माफी मुश्किल. यल्ला, चलो!” आई जीव मुठीत धरून, साडीवर नारिंगी लाइफ जॅकेट चढवून, देवाचं नाव घेत होडीत उतरली. नारळ तिच्याच मांडीवर होता. बारकोड तिनेच खरवडला.

होडी हळू चालत राहिली. दोराचं एक टोक बाबांच्या बोटावर, दुसऱ्याला तोच चमचा, आणि बाबांच्या हातावर इराचा हात. आई डोळे मिटून बसली होती. मग कधीतरी तिने एक उघडला, मग दुसरा. काठावरची चटई, तंबू, स्टोव्ह, सगळं ठिपक्याएवढं झालं होतं. “अगंबाई,” ती हळूच म्हणाली, “मी तुम्हाला इतकीच दिसायचे?” मी मान हलवली.

ऊन उतरायला लागलं. काहीच लागत नव्हतं. खलीफाने घड्याळ पाहिलं. बाबा दोन्ही गुडघे चोळत होते, पण बोट हलवत नव्हते. आई त्यांच्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरची गंमत केव्हाच गेली होती. “अहो, राहू दे,” ती म्हणाली. “नसेना का. माझं काही म्हणणं नाही.”

“आजोबा! इट्स पुलिंग! आजोबा!”

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. खलीफाची आरोळी. बाबांचा आवाज, माझ्या लहानपणचा, भक्कम: “सोड, सोड थोडा, आता ओढ!” इराचे लालबुंद गाल. आणि काठाशी फुटलेलं पाणी.

सुरमई होती. त्या वर्षीच्याहून लहान, पण सुरमई.

आई वाकली. तिने आयुष्यभर सुरमया निवडल्या होत्या, कापल्या होत्या, तळल्या होत्या, पण सगळ्या बर्फावरच्या, करड्या. ही तिने पाण्यातली पाहिली. पाठीवर निळा-हिरवा रंग सळसळत होता, बाजूला आडवे पट्टे, पोट चांदीचं, आणि ती हलली की तो रंग बदलत होता. आईने बोट पुढे करून तिच्या पाठीला लावलं.

“अहो,” ती म्हणाली, “हिचा रंग असा असतो?”

“असाच असतो,” बाबा धापा टाकत म्हणाले. “बाहेर काढली की जातो.”

पहिलाच मासा होता. खलीफाने पेटीचं झाकण उघडून धरलं होतं, आत नुसता बर्फ. बाबांनी आईकडे पाहिलं. “तू सांग. इतकी वर्षं तुझ्या तव्यात पडावी म्हणून... तू म्हणशील तसं.”

आई अजून त्या रंगाकडेच बघत होती. “मला काय विचारता? पहिला मासा दर्याचा,” ती म्हणाली. “सोडा तिला.”

बाबांनी हात उघडले. इराने मोठ्याने म्हटलं, “जा, मोठा हो!” आणि पाणी परत नुसतं पाणी झालं.

परतताना, किनारा जवळ आल्यावर, आई कुणाकडे न बघता म्हणाली, “म्हणजे त्या वर्षीचीही होती तर.”

“दीड हात,” बाबा म्हणाले.

“असेल,” आई म्हणाली. “असणारच.”

बाबांनी तोंड डोंगराकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते, आणि ते हसत होते की काय, ते मी पाहायला गेले नाही.

दुसरा मासा लागला नाही. संध्याकाळी चटईच्या कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवून आईने स्टोव्ह पेटवला. मसाल्याचा डबा होता, आगळ होतं, रवा होता, फक्त मासा नव्हता. मग तिने भाजीच्या पिशवीतून एक भलं मोठं वांगं काढलं, त्याचे जाड काप केले, त्यांना सुरमईचा सगळा साग्रसंगीत मसाला लावला, रव्यात घोळवून तव्यावर सोडले. तोच चर्र आवाज, तोच वास. डोंगरापलीकडे सूर्य गेला होता, अजान झाली होती, ओल्या वाळूचा गारवा पायांना लागत होता. बाबांनी पहिला काप तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

“सुरमई झकास झालीय.”

“होणारच,” आई म्हणाली. “आज धरलेली आहे.”

आई-बाबा गावी परत गेले, त्यानंतर काही दिवसांनी मी पाहुण्यांसाठी खिरीच्या वाट्या भरत होते. एक चमचा कमी. खण धुंडाळला, डिशवॉशर पाहिला. इराला विचारलं तर ती स्वतःच्या बॅगेवर हात ठेवून उभी राहिली. शेवटी रेवदंड्याला फोन लावला. बाबांचाच उद्योग, मला खात्री होती. फोन आईने उचलला.

“तुझ्या बाबांना कशाला बोलतेस? चमचा मीच काढून दिला,” ती म्हणाली. “पोरीला स्वतःचा नको का?”